अनुचरांचे हेतू : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील कनिष्ठ सोबत्यांचा प्रश्न

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या गावी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. प्रत्येक खेळाडूने एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घ्यावयाची आणि तिच्या अनुभवानुसार तिची ‘पातळी’ वाढत जावयाची, ही या खेळाची मूळ कल्पना. तिच्यातूनच एक प्रश्न उद्भवतो. आठव्या पातळीच्या वीरासमवेत पहिल्या पातळीचा दुर्बल मनुष्य भुयारात का उतरतो? हे सोबती केवळ सोयीसाठी, म्हणजे ओझी वाहण्यास व शत्रूचे पहिले घाव झेलण्यास, निर्माण झाले अशी समजूत आढळते. नियमग्रंथांचा क्रम लक्षात घेतल्यास ती अपुरी ठरते.

या सोबत्यांचे मूळ युद्धक्रीडेत आहे. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या नियमावलीत मोठ्या लढाईतील एक बाहुली वीस सैनिकांचे प्रतिनिधित्व करी. तिच्या अद्भुतविषयक पुरवणीत ‘हीरो’चे बळ चार सैनिकांइतके, तर ‘सुपरहीरो’चे आठांइतके मानले होते. म्हणजे वीराचे मोजमापच सामान्य सैनिकाच्या पटीत होते. परंतु त्या सैनिकाला नाव नव्हते, की इच्छा नव्हती. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येक खेळाडूच्या वाट्यास एकेक व्यक्ती आली, तेव्हा सेना मागे पडली आणि तिच्यातील माणूस पुढे आला. आता त्याला पटावर नुसते सरकवून भागणारे नव्हते. त्याचे मन वळविणे आवश्यक झाले.

१९७४ च्या नियमांत या मन वळविण्याची तरतूद आहे. भाडोत्री सोबती केवळ सर्वांत खालच्या पातळीचेच मिळू शकत. त्यांच्यासाठी पांथशाळांतून सूचनापत्रे लावावी लागत किंवा दूत धाडावे लागत. माणसाला मोह पाडण्यास किमान १०० सुवर्णनाणी देऊ करणे आवश्यक होते. तथापि प्रत्येकाचा हेतू सारखा नव्हता. बुटक्यांना सोन्याची ओढ अधिक, मांत्रिक व एल्फ यांना मंतरलेल्या वस्तूंची आशा, तर धर्मोपदेशकाला उपासनास्थानाची हमी हवी असे. नियमांच्या कोरड्या भाषेत येथे कथेचे बीज पडले आहे. कारण सोबत्याला काय हवे हे ठरविताच तो कोण आहे हेही अंशतः ठरते.

सोबत्यांची संख्याही अमर्याद नव्हती. नायकाच्या ‘करिश्मा’ या गुणावर ती अवलंबून असे. हा गुण ३ असल्यास एकच सोबती मिळे, तर १८ असल्यास बारा. शिवाय प्रत्येक सोबत्याच्या निष्ठेचा आकडा नोंदविला जाई व त्याची पुनःपुन्हा परीक्षा होई. दीर्घ सेवा व पारितोषिके यांनी निष्ठा वाढे. वाईट वागणुकीने ती घटे. धन्याच्या वर्तनाचा हिशेब सेवकाच्या खात्यात ठेवण्याची ही पद्धत विशेष लक्षणीय होय.

प्रत्यक्ष खेळात मात्र दोन्ही टोके दिसून येतात. रॉब कुन्ट्झच्या ‘रोबिलार’ने ‘टूम ऑफ हॉरर्स’ या सापळ्यांनी भरलेल्या थडग्यात आपले ऑर्क अनुचर पुढे धाडले आणि ते तेथे बळी पडले. याउलट ‘बिग्बी’ हा कनिष्ठ मांत्रिक गायगॅक्सच्या ‘मॉर्डेनकायनेन’ला प्रथम शत्रू म्हणूनच भेटला. वशीकरणाने तो अंकित झाला. पुढे मात्र स्वेच्छेने एकनिष्ठ अनुचर बनला आणि स्वतः थोर मांत्रिक झाला. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याच्या नावाचे मंत्र समाविष्ट आहेत. एक सोबती बळाने बांधला गेला होता, तरी वाढण्यास अवकाश मिळाल्यामुळे तो स्मरणात राहिला.

पुढील नियमांनी हा भेद स्पष्ट केला. १९७८-७९ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत वेतनी सेवक आणि निष्ठावान अनुचर हे दोन वर्ग वेगळे मानले गेले. टॉम मोल्डवे यांनी संपादिलेल्या १९८१ च्या ‘बेसिक’ आवृत्तीत मोहीम संपताच सोबत्याच्या धैर्याची परीक्षा घेण्याचा दंडक आहे. तीत तो उणा पडला तर त्या नायकाकडे पुन्हा चाकरी करीत नाही. त्याच्या अनुभवाचा वाटा निम्मा असे. म्हणजे तो सावकाश का होईना, वाढत असे. आणि उमेदवारी हाच त्याच्या येण्याचा एक सबळ हेतू ठरे.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या व्यवहाराचे स्वरूप पालटले. सहाव्या पातळीपासून ‘लीडरशिप’ हे कौशल्य निवडले की अनुयायी लाभू लागले. पूर्वीचे सूचनापत्र व घासाघीस यांची जागा नायकाच्या एका निवडीने घेतली. नायकाच्या कीर्तीचा व वागणुकीचा परिणाम गणनेत राहिला खरा. पण सोबत्याला काय हवे, हा प्रश्न मागे सरला. २०१९ च्या ‘इसेन्शियल्स किट’मध्ये आणि २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये ‘साइडकिक’ या नावाने कनिष्ठ सोबती पुनश्च अवतरला. एकट्या खेळाडूला साथ मिळावी हा त्यामागील एक उद्देश असून, सोबत्याची पातळीही आता नायकाबरोबर वाढते. त्याचे बळ सुरक्षित झाले. त्याचा हेतू मात्र खेळणाऱ्यांनीच शोधावयाचा राहिला.

गायगॅक्सने १९७९ मध्ये ज्या ग्रंथांचे ऋण मान्य केले त्यांत टॉल्किनची ‘द हॉबिट’ (१९३७) ही कादंबरी आहे. तीतील बिल्बो बॅगिन्स हा घरबशा गृहस्थ तेरा बुटक्यांच्या संगतीत चौदावा म्हणून घेतला जातो. तेराचा अपशकुन टळावा, हे त्याला घेण्याचे एक कारण, आणि नफ्यातील चौदावा हिस्सा हे त्याचे वेतन. पण कथा वाचकाला पटते ती या करारामुळे नव्हे. साहसाची जी सुप्त ओढ त्याला घराबाहेर काढते, तिच्यामुळे. दुर्बल सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. वेतन त्याला दारापर्यंत आणते. त्यापुढे अंधारात पाऊल टाकण्यास त्याचे स्वतःचे काही कारण असावे लागते. १९७४ च्या नियमांनी ते विचारणे भाग पाडले होते, हेच त्यांचे महत्त्व. जेथे ते विचारले जात नाही, तेथे सोबती पुन्हा ‘चेनमेल’च्या पटावरील अनाम बाहुली होतो आणि त्याच्या मृत्यूचे दुःख कोणालाच होत नाही.