चहाची किटली आणि राष्ट्राचें तेल

अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत झिला नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें वाटसरूच्या दृष्टीस एक भलीमोठी चहाची किटली पडते. वाटोळ्या भिंती, त्यांवर झांकणासारखें निमुळतें छप्पर, एका अंगास पत्र्याची मूठ व दुसऱ्या अंगास तोटी. परंतु हें चहाचें दुकान नव्हे; १९२२ सालीं जॅक एन्सवर्थ नांवाच्या गृहस्थानें तें पेट्रोल विकण्यासाठीं बांधलें. मोटारवाल्यांचें लक्ष वेधण्यासाठीं असल्या गमतीच्या इमारती त्या देशांत पुष्कळ झाल्या. या किटलीचा रोख मात्र थेट राजधानीवर होता.

वायोमिंग संस्थानांत किटलीसारखा दिसणारा एक खडक आहे. त्याच्या परिसरांतील भूगर्भांत असलेलें तेल आरमारासाठीं राखून ठेविलेलें होतें. १९२१ सालीं अध्यक्ष हार्डिंग यांच्या हुकुमानें असे राखीव साठे आरमारखात्याकडून अंतर्गत खात्याकडे गेले, आणि त्या खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल यांनीं पुढच्याच वर्षीं ते टेंडरें न मागवितां भाडेपट्ट्यानें देऊन टाकिले. वायोमिंगचा साठा हॅरी सिंक्लेअर यांस मिळाला, कॅलिफोर्नियांतील एल्क हिल्सचा एडवर्ड डोहेनी यांस. फॉलसाहेबांच्या वाडीवर एकाएकीं लक्ष्मी नांदूं लागली. वर्षानुवर्षें थकलेला करही फिटला!

सेनेटर वॉल्श यांनीं या प्रकरणाचा जो पिच्छा पुरविला, तो आम्हांस या साऱ्या कथेंतील सर्वांत उजळ भाग वाटतो. पैसा एका वृत्तपत्राच्या मालकाकडून उसना घेतला, असें फॉल यांनीं सांगितलें. वॉल्श त्या मालकाकडे फ्लॉरिडांत जाऊन पोंचले, तेव्हां त्यानें आपले चेक न वटवितां परत आल्याचें कबूल केलें. अखेर उघडकीस आलें तें असें कीं, एक लाख डॉलर डोहेनी यांच्याकडून काळ्या पिशवींतून आले होते.

१९२७ सालीं सुप्रीम कोर्टानें दोन्ही पट्टे रद्द केले. १९२९ सालीं फॉल यांस लांच घेतल्याबद्दल एक वर्षाची कैद व एक लाख डॉलर दंड झाला. मंत्रिपदावरील गुन्ह्यासाठीं तुरुंगांत जाणारे ते त्या देशाचे पहिले मंत्री. गंमत अशी कीं, तीच रक्कम देणारे डोहेनी १९३० सालीं निर्दोष सुटले. घेणाऱ्याच्या हातीं जी लांच ठरली, ती देणाऱ्याच्या हातीं असतां काय होती, हें कायदेपंडितांनींच सांगावें.

पुढें नव्या महामार्गासाठीं ती किटली आपल्या मूळ जागेवरून हलवावी लागली. १९८५ सालीं तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत नोंद झाली, आणि २०१२ सालीं तिला झिला गांवांत आणून प्रवाशांस माहिती देण्याचें ठिकाण करण्यांत आलें. वायोमिंगच्या त्या खडकाची तोटी तर वाऱ्यापावसानें कधींच ढांसळली आहे. झिलाची शाबूत आहे.