धाब्याचे घर आणि उजनीचे पाणी

सोलापूरकडे जाताना भिगवणच्या पुढे डाळज लागते. डावीकडे उजनीचे पाणी पसरलेले असते. उन्हाळ्यात ते फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. ते दगडाचे म्हणून उरले. मातीच्या भिंतींचा पाण्याखाली गाळ होतो. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले, भीमाकाठची गावे वर सरकली आणि धाब्याची जुनी घरे मागे राहिली.

हे धाबे नीट समजून घेण्यासारखे आहे. जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि मग मातीचा थर. माती पांढरीची, कारण काळी पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि छत गळते. उजेड यावा, धूर जावा म्हणून सवणे. दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. हिंदूंचे असो की मुसलमानांचे, घर सारखेच. बहुतेक सामान शिवारातलेच.

इजिप्तचे वास्तुकार हसन फतही (1900-1989) हेच शोधत होते. लक्सरजवळचे गुर्ना गाव प्राचीन थडग्यांवर वसलेले, ते हलवायचे सरकारने ठरवले. 1945 पासून फतहींनी कच्च्या विटांचे नवे गुर्ना उभे करायला घेतले. लाकडी आधाराशिवाय कमानी छत रचणारे गवंडी त्यांनी अस्वानकडून आणले. पण गाव अर्धेच झाले. ज्यांना उठवायचे त्यांना उठायचेच नव्हते! फतहींना आगाखान पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला तो 1980 मध्येच, उजनी पूर्ण झाली त्या वर्षी.

तरीही किल्लारी विसरून धाब्याचे गुणगान करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. गळती थांबवायला जुनी माती न काढता नवी टाकत गेले की छताचे वजन वाढत जाते. दोष मातीपेक्षा त्या वजनाचा आणि सुट्या दगडांच्या, नीट न बांधलेल्या भिंतींचा जास्त. छप्पर हलके आणि भिंती एकमेकींना जखडलेल्या असत्या, तर किती जीव वाचले असते?

तो धडा अर्धाच घेतला गेला. भिंत सुधारायची सोडून आपण माती टाकली आणि पत्रा आणला. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत मातीचे छत ‘कच्चे’ धरले आणि पत्र्याचे ‘पक्के’. एप्रिलमध्ये डाळजच्या पक्क्या छताखाली दुपारी कोणी बसत नाही. लोक बाहेर लिंबाखाली खाट टाकतात.