भाता कोण मारणार?

ऑर्गन म्हटलं की आमच्या घरातल्या जुन्या मंडळींना एकच ऑर्गन आठवतो. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे वाजवत तो. त्यामुळे मी घरी ऑर्गन वाजवतो म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नाट्यपदं का?" नाही हो, बाख आणि त्याच्या आसपासची मंडळी. मग दोन कीबोर्ड, पायाखालच्या लाकडी पट्ट्या आणि लॅपटॉप बघून दुसरा प्रश्न, "पण हा खरा ऑर्गन नव्हे ना?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, म्हणून हा लेख.

नाटकातल्या ऑर्गनमध्ये वादकाचे पाय भाता मारतात. चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये मात्र पाय स्वर वाजवतात. खर्जाची अख्खी ओळ पायांकडे असते. मग हवा कोण भरणार? विसाव्या शतकात विजेचे पंखे सर्रास येईपर्यंत हे काम माणसं करत. मागे उभं राहून भाते दाबत राहायचे. मोठ्या ऑर्गनला एक माणूस पुरायचा नाही. बाख नवा ऑर्गन तपासायला गेला की आधी सगळे स्टॉप उघडून तो भरगच्च वाजवायचा, याची फुफ्फुसं धड आहेत का ते बघायला. ही आठवण त्याच्या मुलाची, कार्ल फिलिप इमॅन्युएलची.

याचा अर्थ, ऑर्गनिस्टला एकट्याला रियाज करणं अशक्य. भातेवाला बोलवा, त्याला पैसे द्या आणि हिवाळ्यात गारठलेल्या चर्चमध्ये बसा! म्हणून ही मंडळी घरी पेडल जोडलेला क्लॅव्हिकॉर्ड किंवा हार्पसिकॉर्ड ठेवत. बाख 1750 मध्ये वारला, तेव्हा वाटणीच्या कागदांत तीन क्लेव्हियर आणि पेडल यांची नोंद झाली. वडिलांनी ती हयातीतच धाकट्या योहान क्रिस्टियानला दिली होती. 1730 च्या सुमारास बाखने सहा ट्रायो सोनाटा एकत्र उतरवून काढल्या: उजवा हात एक ओळ, डावा दुसरी, पाय तिसरी. थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमानच्या तयारीसाठी त्या होत्या, असं फोर्केल 1802 च्या बाख-चरित्रात सांगतो. मला तर वाटतं, त्या चर्चइतक्याच घरातही घोटल्या गेल्या असणार.

तेव्हा घरी बसून वाजवणं ही आजची टूम नाही, जुनीच रीत आहे. नवा आहे तो आवाज. मी वाजवतो तो हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या मार्टिनी चर्चचा ऑर्गन. मुळात पंधराव्या शतकातला. 1692 मध्ये आर्प श्निटगरने तो वाढवला, दोन्ही बाजूंना पेडलचे मनोरे उभे केले. त्यांतला सर्वांत लांब पाइप नऊ मीटरहून मोठा. युर्गन आरेंडने केलेला जीर्णोद्धार 1984 मध्ये पुरा झाला. असा आवाज उतरवताना एकेक पाइप वेगळा ध्वनिमुद्रित करतात: स्वर उठतो कसा, टिकतो कसा, आणि पट्टी सोडल्यावर चर्चमध्ये विरतो कसा. पट्टी दाबली की तोच पाइप हेडफोनमध्ये बोलतो. शेजारी झोपलेले असले तरी चालतं.

मग हरवलं काय? माझ्या मते, तो मागे उभा असलेला माणूस. बाखच्या फा मेजरमधल्या टोकाटाच्या सुरुवातीला पायाखाली एकच फा पन्नासहून जास्त बार धरलेला असतो आणि वर दोन्ही हात एकमेकांचा पाठलाग करतात. घरी मी पाय ठेवून निवांत असतो. लॅपटॉप दमत नाही. पण खर्जाचे पाइप सर्वांत जास्त हवा खातात, आणि त्या काळी तेवढा वेळ कुणीतरी भात्यावर आपलं वजन टाकत असे. हवा कमी पडली की वरचे स्वर डळमळत. म्हणजे तो लांबलचक फा बाखच्या पायाचा जितका, तितकाच त्या माणसाच्या पोटऱ्यांचाही!

तेव्हा आत्या, आवाज खराच आहे, रीतही खरी आहे. फक्त दोघांनी मिळून करायचं काम आता मी एकटा करतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण संगीताच्या इतिहासात वादकांची नावं राहिली, भातेवाल्यांची बहुतेक नाहीत. आणि या नव्या ऑर्गनमध्ये तर त्यांची जागासुद्धा उरली नाही, याची रुखरुख मात्र लागते.