‘म्याऊ म्याऊ’वर उतारा नाही

मुंबईत ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन १९२९ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. नशेच्या बाजारात त्याचा बोलबाला झाला तो मात्र २००० नंतर. भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले; तोवर ते विकणाऱ्यांचे चांगलेच फावले.

ही पूड नाकाने ओढताच काही मिनिटांत तरतरी येते आणि दोन-तीन तासांत ओसरते. मग पुन्हा घेण्याची अनावर इच्छा होते, एका रात्रीत अनेकदा. खरा धोका इथेच आहे. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात, शरीराचे तापमान चढते, झोप उडते. भास, पराकोटीचा संशय आणि झटकेही येऊ शकतात.

यावर नेमका उतारा नाही. रुग्णालयात बेन्झोडायझेपिन गटातील औषधांनी रुग्णाला शांत करतात, अंग थंड ठेवतात, ईसीजी व रक्तातील सोडियम तपासतात. लघवीच्या झटपट चाचणीत मेफेड्रोन अनेकदा सापडतच नाही. त्यामुळे रुग्णाने काय घेतले, हे सोबतच्या मित्रांनी सांगणे मोलाचे ठरते. नेमकी हीच मंडळी पोलिसांच्या धाकाने गप्प राहतात.

वास्तविक, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम याच कायद्यात आहे. नशा सुटताना येणारे नैराश्य तीव्र असू शकते. त्या काळात मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख आवश्यक असते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे.