मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार : संज्ञांचा इतिहास

परभणी जिल्ह्यात एखाद्याचे अर्धे अंग अचानक लुळे पडले म्हणजे ‘लकवा मारला’ असे म्हणतात. हा शब्द अरबी असून मूळ वैद्यकात तो केवळ तोंड वाकडे होण्याचा वाचक आहे. अर्धांगाच्या विकलतेस तेथे ‘फालिज’ ही निराळी संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेतही अर्दित आणि पक्षाघात हे दोन विकार वेगळे मानले आहेत. लोकभाषेने हा भेद ठेवला नाही. तथापि ‘लकवा मारणे’ काय किंवा ‘पक्षाघात’ काय, दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच आहे : रोग म्हणजे अकस्मात बसलेला तडाखा.

मेंदूच्या स्कॅनच्या अहवालात आढळणारा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार या कल्पनेत बसत नाही. तो बहुधा वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत असतो. म्हणून अहवालात ‘जुना इन्फार्क्ट’ असे वाचताच ‘झटका आला तरी कधी?’ असा प्रश्न घरच्या मंडळींना पडतो. तसा झटका कोणाच्या लक्षात आलेलाच नसतो.

अशा खुणांना नाव देताना वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ चाचपडत होते. १८३८ साली देशांब्र या फ्रेंच वैद्याने शवविच्छेदनात दिसलेल्या बारीक पोकळ्यांना ‘लॅक्यून’ म्हटले. १८४२ मध्ये द्युरां-फार्देल याने मेंदूच्या चाळणीसारख्या अवस्थेचे वर्णन केले. १८९४ मध्ये बिन्स्वांगर याने श्वेतद्रव्याच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले आणि पुढे त्या विकारास त्याचेच नाव मिळाले. १९६५ मध्ये मिलर फिशर याने १०४२ मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११४ मेंदूंत लॅक्यून आढळले आणि उच्च रक्तदाबाशी त्यांचा निकट संबंध दिसून आला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाऊन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन झाला, आणि पूर्वी मृत्यूनंतर दिसणारे बदल जिवंतपणीच दिसू लागले. मग बिन्स्वांगरचे नाव सढळपणे वापरले जाऊ लागले. या घाईस आवर घालण्यासाठी हाचिन्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘ल्युकोअरायोसिस’ हा शब्द घडविला. ग्रीकमध्ये ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा व ‘अरायोस’ म्हणजे विरळ. या शब्दाने फक्त स्वरूप सांगितले, कारण सांगितले नाही. हेच त्याचे महत्त्व होय. त्याच वर्षी फाझेकस याने एम. आर. आय. मधील या बदलांसाठी ० ते ३ अशी श्रेणी मांडली. पुढे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने संज्ञा एकसारख्या केल्या, आणि श्वेतद्रव्यातील शुभ्र डागांच्या नावास ‘रक्तवाहिनीजन्य असल्याचे अनुमान’ अशा अर्थाची पुस्ती जोडली.

ही पुस्ती अर्थपूर्ण आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्या नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. दिसतात ते त्यांच्या विकाराचे परिणाम. शुभ्र डाग, ३ ते १५ मिलिमीटरांच्या पोकळ्या, सूक्ष्म रक्तस्रावांच्या खुणा, हे प्रत्यक्ष. कारण हे अनुमान. आपल्या न्यायशास्त्राच्या अभ्यासकास हा भेद नवा नाही.

मराठी प्रतिशब्द योजतानाही हा भेद राखणे अवश्य आहे. ‘लॅक्यून’ला ‘पोकळी’ म्हणावे, ‘लकव्याची जागा’ म्हणू नये. साठीपुढील पुष्कळांच्या स्कॅनमध्ये पहिल्या श्रेणीचे डाग आढळतात; तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. तिसऱ्या श्रेणीत मात्र डाग एकमेकांत मिसळलेले असतात, आणि चाल मंदावणे, विचारशक्ती क्षीण होणे व पुढे पक्षाघात होणे यांचा धोका वाढतो. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास या डागांची वाढ मंदावते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसून आले. ‘लकवा’ या शब्दात झालेल्या घाताची नोंद आहे. टाळता येण्याजोग्या घाताची सूचना देणारा शब्द लोकभाषेत अद्याप रुजावयाचा आहे.