मठाच्या दप्तरातील एक पान

२२ सप्टेंबर १९३० रोजी ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संघाच्या उत्तर अमेरिकेतील मदर सुपिरियरनी आपल्या धर्मभगिनींना एक सूचना केली. प्रत्येकीने आपल्या आयुष्याची हकिगत दोनशे-तीनशे शब्दांत, एकाच पानावर लिहून द्यावी: जन्म कोठला, आईवडील कोण, बालपणी काय घडले, मठाची ओढ कशामुळे लागली. विशी-बाविशीतील मुलींनी ही पाने स्वहस्ते लिहिली आणि ती दप्तरात जाऊन पडली. साठ वर्षांनी हीच पाने मेंदूच्या संशोधनाला उपयोगी पडतील, हे लिहिणारींच्या स्वप्नातही नसावे. त्या संशोधनाची कथा आम्ही येथे सांगत आहोत, कारण घरातले वडीलधारे विसरू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याही अंगवळणी पडली आहे.

१९८६ साली मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड स्नोडन हे तरुण संशोधक मँकेटो गावच्या मठात आले. वार्धक्यात कोणाची बुद्धी शाबूत राहते व कोणाची ढळते, हा त्यांचा प्रश्न. सर्वसाधारण लोकांत ह्याचा शोध घेणे अवघड. एकजण तंबाखू ओढतो, दुसरा उपाशी झोपतो, तिसऱ्याला वैद्य परवडत नाही. मठात मात्र सर्वांचे अन्न एक, निवारा एक, औषधोपचार एक. शिवाय शिक्षण, नेमणुका, जन्ममृत्यू यांच्या नोंदी मठात जपून ठेवलेल्या. स्नोडन १९९० मध्ये केंटकी विद्यापीठात गेले आणि तेथे कामाचा विस्तार झाला.

ह्या कामी भगिनींपुढे तीन गोष्टी ठेवण्यात आल्या. दरवर्षी स्मरणशक्तीची व शरीराची तपासणी करू द्यायची. जुनी कागदपत्रे पाहू द्यायची. आणि मृत्यूनंतर आपला मेंदू विद्यापीठास द्यायचा. पहिल्या दोन गोष्टींत फारसे अवघड काही नव्हते. तिसरी मात्र सोपी नव्हती. देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्या समाजात शवाला हात लावू देण्याची भीती आजही पुष्कळ घरांत आहे. ख्रिस्तसभेची शिकवण ह्याआड येत नाही. शास्त्रीय संशोधनासाठी शवविच्छेदन करण्यास १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट मुभा आहे. तरी मुभा असणे वेगळे आणि ऐंशी वर्षांच्या बाईने संमतीपत्रावर सही करणे वेगळे. १९९१ ते १९९३ ह्या काळात ६७८ भगिनींनी सही केली. त्यांतील सर्वांत लहान ७५ वर्षांची, तर सर्वांत वृद्ध १०२ वर्षांची होती. बहुतेकींचे आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले होते. फळा सुटला तरी शिकविणे सुटले नाही, असे आम्हांला वाटते.

मग दप्तरातील ती पाने बाहेर आली. कॅन्सस विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांनी प्रत्येक हकिगतीतील शेवटची दहा वाक्ये घेऊन दर दहा शब्दांत किती वेगवेगळे विचार मांडले आहेत, हे मोजले. १९९६ साली ९३ भगिनींवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरुणपणी जिची वाक्ये विचारांनी विरळ, तिची बुद्धी म्हातारपणी मंदावण्याचा संभव अधिक. तोवर मृत्यू पावलेल्या १४ जणींचे मेंदू तपासले, तेव्हा विरळ लिहिणाऱ्या सर्वांमध्ये अल्झायमरच्या खुणा आढळल्या, दाट लिहिणारींपैकी एकीतही नाही.

येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. चौदा ही संख्या लहान आहे. शिवाय बाविसाव्या वर्षीचे विरळ लेखन हे रोगाचे कारण, की आधीच सुरू झालेल्या रोगाची चाहूल, की केवळ जन्मजात बुद्धीचा फरक, हे त्या पानांवरून ठरत नाही. मुलाचा निबंध वाचून त्याच्या म्हातारपणाचे भाकीत कोणी करू नये.

आम्हांला अधिक विचार करायला लावते ती १०१ व्या वर्षी निवर्तलेली एक भगिनी. अखेरपर्यंत तिच्या चाचण्यांचे गुण उत्तम होते. तिचा मेंदू तपासला, तेव्हा अल्झायमरचे डाग व गुंते त्यात विपुल सापडले. मेंदूत रोग होता, वागण्यात नव्हता! १९९७ सालच्या अहवालाने ह्या कोड्याचा एक धागा दाखविला. १०२ भगिनींपैकी ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमर भरपूर होता. पण ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटून लहान व्रण पडले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश फार अधिक आढळला. म्हणजे रक्तदाबाची गोळी चुकविणाऱ्या आजोबांना सुनेने रागे भरावे, ते हृदयासाठीच नव्हे.

एकंदर १,०२७ भगिनींना विचारण्यात आले होते. ३४९ जणी सहभागी झाल्या नाहीत. त्यांची नावे कोणी विचारली नाहीत, आणि त्याच मठांत त्याही आपापल्या बहिणींशेजारी प्रार्थनेस बसत राहिल्या.