शब्दओळख : ‘लोकल’

‘लोकल का नॉन-लोकल?’ कॉलेज प्रवेशाचा अर्ज भरताना हैदराबादच्या मराठी घरांत हा प्रश्न येतोच. दोन-तीन पिढ्या इथे गेल्या असल्या तरी आपण क्षणभर अडखळतो : मातृभाषा मराठी, मग आपण लोकल कसे? म्हणून या वेळी आम्ही हेच विशेषण निवडले आहे.

मूळ

लॅटिनमध्ये ‘लोकस’ म्हणजे जागा. त्यावरून ‘लोकालिस’ झाले आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘लोकल’ आले. ‘लोकेशन’ याच कुळातला. रेल्वे इंजिनाला म्हणतात तो ‘लोकोमोटिव्ह’ही याच कुळातला : जागेवरून हलणारे ते. आपला संस्कृत ‘लोक’ कानाला जवळचा वाटतो, पण दोघांचे नाते नाही. ‘लोकल’च्या मुळाशी माणसाची भाषा नाही, फक्त जागा आहे.

वापर

मराठीत याला ‘स्थानिक’ म्हणतात. तोही शब्द ‘स्थान’वरूनच आला. महापालिका ही स्थानिक स्वराज्य संस्था. डॉक्टर ‘लोकल’ भूल देतात तेव्हा तेवढाच भाग बधिर होतो. बाजारात मात्र ‘लोकल माल’ म्हणजे ब्रँडचा नसलेला, हलका. मुंबईत तर या विशेषणाचे नाम झाले आणि तेही स्त्रीलिंगी : ‘माझी लोकल चुकली.’

हैदराबादेत

इथे ‘लोकल’च्या आधी ‘मुल्की’ होता. अरबी ‘मुल्क’ म्हणजे देश. आपला ‘मुलूख’ त्यातूनच आला. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुल्कींसाठी राखल्या. मुल्की ठरायचे ते जन्माने किंवा १५ वर्षांच्या वास्तव्याने. मराठवाडा याच संस्थानात होता, त्यामुळे नांदेडचा मराठी माणूस हैदराबादेत मुल्की आणि पुण्याहून नवा आलेला गैरमुल्की! दोघांची भाषा एकच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि नांदेडचे आपले नातेवाईक दुसऱ्या राज्याचे झाले.

मुल्की नियमांवरून तेलंगणात आंदोलने झाली. पुढे १९७३ च्या ३२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-डी आले, आणि १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शिक्षणासाठी ‘लोकल कँडिडेट’ची व्याख्या केली. तिचा मुख्य निकष असा : पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे त्या भागात शिक्षण. मातृभाषेची अट त्यात नाही.

आपल्या घरासाठी

म्हणजे काचीगुड्यात वाढून इथेच शिकलेली मराठी मुलगी ‘लोकल’ लिहिते तेव्हा ती कुणाचे काही मागत नाही. शब्दाचा नेमका अर्थच सांगते. उलट, घर इथे असूनही अकरावी-बारावीसाठी मुलाला पुण्याला किंवा लातूरला पाठवले, तर सलग चार वर्षांचा धागा तुटू शकतो. हा विचार दहावीनंतर लगेच करायला हवा. नियम वेळोवेळी बदलले आहेत आणि प्रवेशाचे निकष वेगळे, नोकरीचे वेगळे. त्यामुळे त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचूनच निर्णय घ्यावा. शाळा-कॉलेजची बोनाफाईड प्रमाणपत्रेही वर्षवार जपून ठेवावीत.

घरात मराठी बोलावी आणि अर्जात, नियमात बसत असेल तर, निःसंकोच ‘लोकल’ लिहावे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.